वाड्यात सापडलेल्या बंदुकीवर त्रिशूळ आहे, ती होळकरांची असेल का?

तुम्ही लिहिलंय की खान्देशातल्या चोपड्याच्या वाड्यात माळ्यावर मिळालेल्या बंदुकीच्या चापपट्टीवर मुकुट, 'व्हीआर' आणि '१८६९ एन्फिल्ड' आहे, लाकडावर त्रिशूळ आणि त्याखाली 'आय'. नळीमागचं झाकण उजवीकडे उघडतं.

होळकरांची नाही. त्यांनी खान्देशातला मुलूख १८१८ च्या मंदसोरच्या तहात सोडला. ही बंदूक त्यानंतर ५१ वर्षांनी बनली. आणि तो त्रिशूळ नाही, तीन रेघांचा बाण आहे, ब्रिटिश सरकारी मालाची खूण. खाली 'आय' असेल तर मालक हिंदुस्थान सरकार. 'व्हीआर' म्हणजे व्हिक्टोरिया राणी, एन्फिल्ड हा लंडनच्या उत्तरेचा सरकारी कारखाना. उजवीकडे उघडणाऱ्या झाकणावरून ही स्नायडर, म्हणजे मागून काडतूस भरायची बंदूक दिसते. १८५७ नंतर हिंदी शिपायांना गोऱ्यांपेक्षा एक पिढी जुनी बंदूक देत. गोऱ्यांना मार्टिनी-हेन्री ही नवी बंदूक मिळाल्यावर स्नायडर इकडे आल्या.

आता एक खूण नीट शोधा: दोन बाण, टोकाला टोक लावलेले. ती असेल तर बंदूक फौजेतून रीतसर विकली गेली. अक्षरंही तपासा. खैबरकडच्या कारागिरांनी अशा बंदुकांच्या हुबेहूब नकला केल्या, पण इंग्रजी अक्षरं न समजल्यामुळे 'एन' कित्येकदा उलटा कोरला गेला.

पलटणीचं नाव-नंबर बहुधा कुंद्याच्या, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या भागाच्या, पितळी पट्टीवर असतो. हात जोडून सांगतो, ती घासू नका. अमळनेरला आमच्या घरी दर दसऱ्याला शस्त्रपूजेआधी आजी पितळ चिंचेने लख्ख करायची, लोखंडाला पॉलिश पेपर. आजोबा गेल्यावर मी पाहिलं तेव्हा पट्टी आरशासारखी गुळगुळीत होती. ती बंदूक कोणत्या पलटणीची, हे आता कधीच कळणार नाही. म्हणूनच, धरणगावला १८२५ मध्ये औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने उभारलेल्या भिल्ल पलटणीशी तुमच्या बंदुकीचं नातं अक्षरं सापडल्याशिवाय जोडू नका.

पण सगळ्यात आधी परवाना शोधा. नसेल तर वकिलाला विचारून पोलीस ठाण्यात कळवा. १८६९ ची आहे म्हणून सूट मिळतेच असं नाही: शस्त्र कायदा १९५९ ची सवलत दुरुस्त करूनही चालणार नाही अशा जुनाट हत्याराला आहे. झाकण उघडून आत काडतूस नाही ना, तेही जाणकाराकडूनच पाहून घ्या.

ते झालं की पितळेवर पातळ कागद ठेवून पेन्सिल हलकेच आडवी फिरवा. डोळ्यांना न दिसणारी अक्षरंही कधी कधी उमटतात. उमटली तर कळवा.