आधी रेसिडेन्सी बघ, मग गणवेश

अरे, अमेरिकन सैन्याची मेडिकलची स्कॉलरशिप घेतोयस ना? मग पैशांवरून शाखा निवडूच नकोस, रेसिडेन्सी (डॉक्टर झाल्यावरचं विशेषज्ञ होण्याचं प्रशिक्षण) कशी मिळते ते बघ. पूर्ण फी, महिन्याचा स्टायपेंड, स्कॉलरशिपच्या दर वर्षामागे एक वर्ष सैन्यात नोकरी हे आर्मी, नेव्ही, एअर फोर्स तिन्हीकडे जवळपास सारखंच. (ग्रीन कार्ड चालत नाही, नागरिकत्व लागतं.)

मी नेव्ही घेतली ती समुद्र आवडतो म्हणून. हसू नकोस. डॉक्टर झाल्यावरची एका वर्षाची इंटर्नशिप संपली आणि थेट मरीन्सच्या, म्हणजे नेव्हीशी जोडलेल्या लढाऊ दलाच्या, बटालियनवर रवानगी! मरीन्सचे स्वतःचे डॉक्टर नसतात, आम्हीच जातो. दोन वर्षं मार्चने सोललेल्या टाचा, कंबरदुखी आणि लसी. रेसिडेन्सी त्यानंतर. ती दोन वर्षं निदान नोकरीच्या बंधनातून वजा झाली. रेसिडेन्सीची होत नाहीत, हे भरतीवाला आपणहून सांगत नाही.

सलग शिकायचं असेल तर आर्मी बघ. त्यांच्याकडे रेसिडेन्सीच्या स्वतःच्या जागा भरपूर, होनोलुलूचं ट्रिपलर, टॅकोमाजवळचं मॅडिगन अशा लष्करी रुग्णालयांत. एअर फोर्स बाहेरच्या सिव्हिलियन रेसिडेन्सीलाही बऱ्याच जणांना पाठवतं.

सही करण्याआधी तिन्हीकडचा एकेक रेसिडेंट गाठ आणि विचार, गेल्या डिसेंबरच्या मॅचमध्ये (म्हणजे रेसिडेन्सीच्या जागावाटपात) तुझ्या विषयात किती जणांना इंटर्नशिपनंतर थांबावं लागलं.