रक्तातून येते ते काय?

प्रश्न : न्यू जर्सीत जन्मलेला माझा भाचा सॅक्सोफोनवर जॅझ वाजवतो. ऐनवेळी सुचेल तशा त्याच्या स्वरावली ऐकून घरातील मंडळी म्हणतात, ‘ही रागाची बढतच आहे, रक्तातूनच आलेली.’ हे कितपत खरे?
(एक वाचक, सांगली)

उत्तर : कौतुक समजण्यासारखे आहे, रक्ताचा दाखला मात्र टिकत नाही. अमेरिकी सॅक्सोफोनवादक रुद्रेश महंतप्पा यांचेच पाहा. दक्षिण भारतीय आईवडिलांचे हे पुत्र १९७१ साली इटलीतील त्रिएस्ते येथे जन्मले, कोलोरॅडोतील बोल्डर गावी वाढले आणि जॅझमधील विख्यात सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करच्या वादनाने झपाटले. नाव आणि वर्ण पाहून यांना भारतीय संगीत येतच असणार, असे लोक गृहीत धरत. प्रत्यक्षात त्यांना ते येत नव्हते. कर्नाटक संगीत सॅक्सोफोनवर वाजवणारे कद्री गोपालनाथ यांची ध्वनिमुद्रिका महंतप्पांच्या भावाने चक्क थट्टेत भेट दिली, तेव्हा कुठे ती वाट दिसली. पुढे बराच अभ्यास झाला आणि २००८ मध्ये महंतप्पा आणि गोपालनाथ या दोघांचा ‘किन्समेन’ हा अल्बम आला.

आता बढतीविषयी, म्हणजे राग टप्प्याटप्प्याने विस्तारण्याविषयी. रागात षड्ज अढळ असतो आणि गायक त्याच्या आधाराने एकेक स्वर उलगडत, तालाचे भान ठेवून समेवर येतो. पार्करच्या शैलीत मात्र पायाखालची स्वरसंगती (एकत्र वाजणारे स्वर, म्हणजे कॉर्ड) दर एक-दोन मात्राखंडांनी (मात्रांच्या ठरावीक गटांनी), कधी त्याहूनही लवकर बदलते आणि बारा किंवा बत्तीस खंडांच्या आवर्तनात त्या बदलांना धरून नवी स्वरावली तत्क्षणी रचावी लागते. सुचणे दोन्हीकडे आहे, परंतु त्यामागची तालीम निराळी आहे. शिवाय जॅझ ही गुलाम म्हणून आणल्या गेलेल्या आफ्रिकी लोकांच्या वंशजांनी घडवलेली विद्या आहे, आणि कौतुकाच्या भरात नेमके हेच श्रेय आपण पुसून टाकतो. महंतप्पा आणि तमिळ वंशाचे पियानोवादक विजय अय्यर यांची गाठ घालून दिली, तीही स्टीव्ह कोलमन या कृष्णवर्णीय सॅक्सोफोनवादकाने.

भाच्याला राग शिकायचा असल्यास गुरू करून रीतसर शिकू द्यावा. नसल्यास पार्कर वाजवल्याने त्याचे मराठीपण उणावत नाही. त्याला ‘किन्समेन’ ऐकवणार असाल, तर आधी पार्कर आणि गोपालनाथ स्वतंत्रपणे ऐकवा. कोणी कोणाकडे किती सरकले, हे त्याला वादक म्हणून आपोआप कळेल.