हळदीला बनियन काढावा लागेल

प्रश्न : वय २६. कराडजवळच्या गावात राहतो. आठवीपासून माझी छाती बायकांसारखी दिसते. पोरं विहिरीत उड्या मारायची तेव्हा मी कपडे राखत बसायचो. आजही शर्टाच्या आत दोन बनियन घालतो. वैशाखात लग्न आहे. हळदीला बनियन काढावा लागेल, या विचाराने झोप उडालीय. ऑपरेशनचा विषय काढला तर वडील म्हणाले, "पुरुषाला कशाला असले नखरे? जोर काढ. गावात कळलं तर नाक कापलं जाईल." होणाऱ्या बायकोला सांगू का?

उत्तर : उताणा झोप आणि स्तनाग्राच्या मागे दोन बोटांच्या चिमटीत धरून बघ. नुसतं मऊ लागलं तर चरबी. व्यायामाने थोडा फरक पडेल. रबरासारखी चकती हाताला लागली तर ती ग्रंथी. याला गायनेकोमॅस्टिया म्हणतात. वयात येताना पुष्कळ मुलांना होतो, बहुतेकांचा वर्ष-दोन वर्षांत ओसरतो. तुझा टिकला. ग्रंथी जोर काढून जात नाही. उलट खालचा स्नायू भरला की ती आणखी पुढे दिसते.

मात्र आधी तपासणी. काही औषधं, जिममधली इंजेक्शनं, यकृताचा किंवा हार्मोनचा बिघाड, क्वचित वृषणातली गाठ, यांनीही छाती वाढते. डॉक्टरसमोर लाजू नकोस. ऑपरेशनमध्ये स्तनाग्राभोवतीच्या काळ्या वर्तुळाच्या कडेला छोटा छेद घेतात. नंतर काही आठवडे घट्ट जॅकेट. कधी आत रक्त साचतं, कधी दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या होत नाहीत, हेही ऐकून ठेव.

आता वडील. माझ्या ओपीडीत कानाची फाटलेली पाळी शिवायला बायका यायच्या. जोडीजोडीने यायच्या, टाके काढायच्या दिवशी नव्या कुड्या पदरात बांधून आणायच्या आणि गल्लीभर सांगायच्या. तीही प्लास्टिक सर्जरीच. तुझ्यासारखी मुलं मात्र शेवटच्या नंबराला, आणि बाप बाहेर रिक्षात. एकाने तर घरी हर्नियाचं ऑपरेशन सांगितलं होतं.

आणि नाकाचंच म्हणशील तर, टिपूच्या कैदेत नाक कापलं गेलेल्या कावसजी नावाच्या मराठी गाडीवानाला नवं नाक बसवलं ते आपल्या पुण्याजवळच, विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसाने. कपाळाची कातडी वळवून. १७९४ साली लंडनच्या मासिकात त्याची हकीकत छापून आली, आणि ती वाचून तिकडच्या कार्प्यू नावाच्या सर्जनने १८१४ मध्ये तसंच नाक बसवून पाहिलं. वडिलांना ही गोष्ट जेवताना सांग. ऑपरेशनचं नंतर काढ.

मुलीला सांग. परवानगी मागू नकोस, लपवूही नकोस. फोनवर नको, समोरासमोर. "मला लहानपणापासून हा त्रास आहे, इलाज करायचा विचार आहे," एवढं पुरे. हे ऐकून ती हसली तर लग्नाआधी कळलेलं बरं. पण माझ्या अनुभवात मुली सहसा हसत नाहीत, हसतात ते मित्र.

लग्नाला दोन-तीन महिने असतील तरच आत्ता कर. नाहीतर लग्नानंतर, सावकाश. हळदीला बनियन ठेवलास तर कुणी पंचनामा करत नाही, पाय आणि गाल पुरतात. आणि आधी करून घेतलंस, तर आत्याबाईंना बजावून ठेव : जखम ओली असेल तर छातीवर हळद नाही.