बिजागरी आधी बघ

अरे पोट्ट्या, नागपूरला समुद्र नाही म्हणून खोल समुद्रातले शिंपले शिकायचे राहत नाहीत. कन्हानच्या वाळूतला रिकामा शिंपला उचल. त्याच्या बिजागरीचे, म्हणजे शिंपल्याचे दोन भाग जुळतात त्या कडेचे, दात वेगळे, पण स्नायूंचे ठसे शोधायला नजर बसते. रंगावर जाऊ नको, फसवतो तो. भिंगाखाली बिजागरी धर, उजेड तिरपा ठेव. न्युक्युला नावाच्या समुद्री शिंपल्यात कंगव्यासारख्या दातांच्या दोन रांगा, मधे दोन्ही भाग जोडणाऱ्या बंधाचा खड्डा, आतून मोत्याची चमक. न्युक्युलाना हा दुसरा प्रकार, त्याचे दातही तसेच, पण मागचं टोक चोचीसारखं निमुळतं, मोत्याची चमक नाही, आणि आतल्या प्रावाररेषेला, म्हणजे मांसल आवरण शिंपल्याला चिकटतं त्या रेघेला, मागे खाच. पाणी आत-बाहेर करायच्या नळ्या आत ओढून घ्यायची जागा ती! वाळलेली जोडी मात्र सुरीने उघडू नको, मी असेच दात मोडून बसलोय. कोमट पाण्यात भिजव.