उंबरा आणि होस्तिलु

"ताई, मी खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातली. दहावीपर्यंत मराठी शाळा. आज्जीचं माहेर बैलहोंगलकडचं, म्हणून तिच्याशी कन्नडच बोलते. बेळगावात इंग्रजी घेऊन बी.ए. केलं. आता ब्रिटनमध्ये साहित्याच्या एका वर्षाच्या एम.ए.ला प्रवेश मिळालाय. फी माफ आहे, सप्टेंबरात निघायचंय. राहण्याच्या खर्चासाठी बाबा दोन एकर शेत गहाण टाकतो म्हणतात. मी इंग्रजी वाचते, पण चारचौघांत बोलायचं म्हटलं की घसा कोरडा पडतो. तिथं सगळे पक्के असणार आणि मी तीन भाषांत अर्धीमुर्धी. आज्जी विचारते, 'गोष्टीच वाचायच्या तर एवढं लांब कशाला?' तिला काय सांगू?"

बाळ, आधी शेताचं बोलते, कारण ते हातातून गेलं तर माझ्या बाकीच्या बोलण्याला अर्थ नाही. बाबांना म्हणावं, थोडं थांबा. शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांपर्यंत असेल तर बहुतेक सरकारी बँका तारण मागत नाहीत. बाबा सहकर्जदार होतील आणि हप्ते शिक्षण संपल्यावर काही महिन्यांनी सुरू होतील. बँकेचं कर्जमंजुरीचं पत्र व्हिसालाही चालतं. स्वतःचे पैसे दाखवायचे असतील तर ते सलग २८ दिवस खात्यात पडून असावे लागतात. आठवड्याला २० तास काम करायची मुभा असते, पण त्या कमाईवर हिशेब मांडू नकोस. वर्ष फार लहान असतं.

आणि एक आपल्याकडचं दुखणं. मार्क्सकार्डावर नाव एक, आधारवर दुसरं, कुठे आडनावाऐवजी नुसतं एक अक्षर. कन्नडातून इंग्रजीत जाताना एक स्पेलिंग, मराठीतून जाताना दुसरं. पासपोर्टवर जे आहे तेच सगळीकडे हवं. दुरुस्तीला वेळ लागतो, म्हणून याच आठवड्यात सगळे कागद पुढ्यात घेऊन बस.

आता तुझ्या कोरड्या घशाचं. पंचवीस वर्षांपूर्वी मीही असंच एक वर्ष एडिनबरात काढलं. तिथं प्राध्यापक सांगतात आणि आपण उतरवून घेतो, असं नसतं. दहा-बारा जण टेबलाभोवती बसतात आणि बोलायचं आपणच. पहिला महिना मी तोंड उघडलं नाही. मग एका कवितेत दाराचा उंबरठा आला. सगळे पटकन पुढे गेले, मी मात्र तिथंच अडकले. आमच्या घरी आई उंबरा म्हणायची आणि शेजारच्या अक्का कन्नडात होस्तिलु. आई रोज त्याला हळदकुंकू वाहायची, तिन्हीसांजेला त्यावर कुणाला बसू द्यायची नाही. मोडक्यातोडक्या इंग्रजीत मी एवढंच सांगितलं. उरलेला तास त्या एका शब्दावर गेला.

म्हणून तुझं 'अर्धीमुर्धी' मला मान्य नाही. धारवाडच्या द. रा. बेंद्र्यांच्या घरची भाषा मराठी होती आणि ते कवी झाले कन्नडचे. त्याच धारवाडात जी. ए. कुलकर्णी वर्षानुवर्षं इंग्रजी शिकवत होते आणि कथा मराठीत लिहीत होते. एका शब्दापाशी दुसऱ्या भाषेतला शब्द आपोआप आठवणं ही तुझी रोजची सवय आहे, आणि कविता वाचायला तीच लागते.

पण सवयीला मेहनतीची जोड हवी. वाचनाची यादी बहुधा उन्हाळ्यातच मिळते. आली नसेल तर विभागाला ईमेल करून माग. त्यातल्या जाडजूड कादंबऱ्या इथंच संपव, कारण तिथं एकेका विषयाला आठवड्याला एक कादंबरी आणि वर दोन-तीन लेख असं चालतं. जुनी पुस्तकं प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट मिळतात. रोज दोन पानं मोठ्यानं वाच, घरातले ऐकत असले तरी वाच. आणि टिपण काढताना पान क्रमांक लिहायची सवय आत्ताच लाव. आपण गाईडमधली वाक्यं पाठ करून मार्क मिळवले, कुणी विचारलं नाही. तिथं दुसऱ्याचं वाक्य नावाशिवाय आलं तर ती चोरी धरतात आणि चौकशी लागते. चार हजार शब्दांच्या निबंधात त्यांना तुझं म्हणणं हवं असतं. शेवटी उन्हाळ्यात बारा-पंधरा हजार शब्दांचा प्रबंध असतो. त्याचा विषय जानेवारीपासूनच मनात घोळू दे.

पावसाची भीती तुला नको, खानापूरचा पाऊस तू पाहिलायस. अंधार मात्र जड जातो. डिसेंबरात एडिनबरात पावणेचारला सूर्य मावळलेला असायचा. अशा दिवसांत खोलीत एकटी बसू नकोस, ग्रंथालयात जाऊन बस.

आज्जीला काय सांगायचं? आत्ता काहीच सांगू नकोस, तिला बोलतं कर. तिला जात्यावरची गाणी येत असतील, माहेरच्या कन्नड गोष्टी येत असतील. रोज संध्याकाळी तिच्याजवळ बस, फोनवर रेकॉर्ड कर, आणि एखादा शब्द अडला तर तिथंच विचार. लांब जाऊन तू गोष्टींचं काय करणार आहेस, हे तिला त्या प्रश्नांवरूनच कळेल. आमच्या आईची गाणी मी उतरवून घेतली नाहीत. परत आले तेव्हा ती होती, पण तिला आठवत नव्हतं.

फोनची वेळ जायच्या आधीच ठरवा. संध्याकाळी साडेसात बरी. तेव्हा तिथं दुपारचे तीन वाजलेले असतील. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर मागे जातात, मग दोन. तासांचं वेळापत्रक हातात आलं की तो तास मोकळा राहतो का बघ, म्हणजे आज्जीला वेळ बदलावी लागणार नाही.

— तुझी ताई