कुतुपालाँगला निघालेल्या मुलीस

प्रिय मुली,

बांगलादेशातल्या कॉक्स बाजारला, कुतुपालाँगच्या रोहिंग्या निर्वासितांच्या छावणीत मुलांच्या खेळवर्गांसाठी जायचं पक्कं झालं हे वाचून फार आनंद झाला. खरेदीची यादीही पाहिली. लाकडी ठोकळे, कोडी, रंगीत तक्ते. ही यादी निम्मी कर आणि वाचलेले पैसे नि दिवस शिक्षिकांच्या प्रशिक्षणासाठी राखून ठेव.

२०१७ च्या ऑगस्टनंतर काही महिन्यांतच सात लाखांहून अधिक रोहिंग्या, म्यानमारमधले अल्पसंख्याक मुस्लिम, तिथला राखाईन प्रांत सोडून बांगलादेशात आले. त्यांत निम्म्याहून जास्त मुलं होती. पक्क्या बांधकामाला परवानगी नसल्यानं वर्ग बांबू-ताडपत्रीच्या खोल्यांत भरू लागले. बहुतेक ठिकाणी आसपासच्या गावातली एक बांगलादेशी व्यक्ती आणि छावणीतलीच एक रोहिंग्या व्यक्ती मिळून शिकवायची. २०२१ च्या अखेरीस म्यानमारचा अभ्यासक्रम आला. २०२५ च्या जूनमध्ये निधी आटला, हजारो केंद्रं बंद पडली आणि हजाराहून जास्त बांगलादेशी शिक्षकांचं काम गेलं. मुलांजवळ उरते ती छावणीतलीच बाई. तिला उभं करणं हे तुझं खरं काम.

ती कोण आहे हे समजून घे. तिचंही घर जळालेलं असू शकतं. २०१२ च्या हिंसाचारानंतर रोहिंग्यांना राखाईनमधल्या सितवे शहरातल्या विद्यापीठाची दारं बंद झाली, त्यामुळे शिकायची इच्छा असूनही ती अडली असेल. तिला आठवणारी शाळा म्हणजे घोकंपट्टी आणि छडी. ‘मुलांना खेळू द्या’ एवढं सांगून ती खेळवणार नाही. वर्गात गोंगाट झाला की आईबाप विचारतात, शिकवता काय? त्या प्रश्नाला तिच्याकडे उत्तर हवं.

म्हणून प्रशिक्षणात आधी तिला खेळू दे. पहिल्या दिवशी भिंतीवर स्लाइड्स दाखवू नकोस. बायकांना गोल बसव, मधोमध खडे, बिया, काड्या ठेव आणि विचार, लहानपणी या वस्तूंनी काय खेळायचात? सुरुवातीला शांतता असेल. ती मोडायची घाई करू नकोस. कुणीतरी खडा उचलेल, दुसरी म्हणेल, असं नाही, आमच्या गावात वेगळं होतं. मग भांडण, मग हसणं. त्यानंतरच विचार की या खेळात मोजणं कुठे आलं, थांबून पाळी बघणं कुठे आलं, हरल्यावर पुन्हा बसणं कुठे आलं. हे त्यांनी स्वतः शोधलं, की आईबापांना द्यायचं उत्तर त्यांच्या तोंडी आपोआप येतं.

ब्रॅक या बांगलादेशी संस्थेच्या तिथल्या खेळशाळांनी हीच वाट धरली: खेळवणाऱ्या बायका छावणीतल्या, गाणी-गोष्टी रोहिंग्या भाषेतल्या, भिंतींवरची नक्षी त्यांच्या हातची. मुलांसाठी कार्यक्रम करणाऱ्या सेसमी वर्कशॉप या अमेरिकन संस्थेनं २०२० मध्ये नूर आणि अझीझ ही रोहिंग्या जुळी भावंडं, बाहुल्यांच्या रूपात, आपल्या चित्रफितींत आणली. त्या चित्रफिती जरूर वापर, पण मुलाशेजारी माणूस बसलेलं हवं. आपल्याकडे बालशिक्षणात काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी डहाणूजवळच्या कोसबाडला हेच केलं. गुरं राखणारी आदिवासी मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर शाळाच कुरणात नेली आणि परिसरात सापडेल ते शिकायचं साहित्य केलं. निघण्यापूर्वी त्यांच्याबद्दल वाच. तुला तिथे उपयोग होईल.

एक गोष्ट मात्र कटाक्षानं पाळ. एखादं मूल चित्रात आग, बंदूक, नदी असं काही काढेल. कुणीही त्याला ‘हे काय आहे, सांग’ म्हणून खोदून विचारू नये, चित्राचा फोटो काढू नये. शिक्षिकेनं शेजारी बसावं, मुलाला बोलावंसं वाटलं तर ऐकावं. मूल सतत तेच काढत राहिलं, जेवेना, झोपेना, तर कुणाकडे न्यायचं ते नाव प्रत्येक शिक्षिकेजवळ आधीच असायला हवं. ही व्यवस्था झाल्याशिवाय प्रशिक्षण सुरू करू नकोस.

आणि कार्यशाळा संपली की परतीचं तिकीट काढू नकोस. खरं प्रशिक्षण नंतरचं आहे. दर आठवड्याला शिक्षिकेच्या वर्गात मागे बसायचं, वही न काढता. संध्याकाळी दोघींनी तासभर एकाच मुलाबद्दल बोलायचं, आज त्यानं काय नवं केलं. तिला मिळणारं मानधन तुटपुंजं आहे, त्यामुळे या तासाचेही पैसे तिला मिळावेत असा आग्रह संस्थेकडे धर. देणगीदार खेळण्यांना पटकन हो म्हणतात, या तासांना नाही. तरी अंदाजपत्रकात ते पहिल्या ओळीत लिही.

सुधारलेली यादी आणि अंदाजपत्रक रविवारपर्यंत पाठव. संस्थेशी बोलायला बसशील तेव्हा मीही फोनवर असेन.

तुझी,
ताई