काय वाचू? : हुकूम आणि होकार

प्रश्न : ताई, माझं वय ३८. मंगळवार पेठेत एकत्र कुटुंबात राहते. मालक शिरोलीच्या एमआयडीसीत फौंड्रीत आहेत, मी हायस्कूलला शिकवते. मैत्रिणीच्या टॅबवर ‘फिफ्टी शेड्स ऑफ ग्रे’ वाचली. नायक हुकूम देतो आणि ती ऐकते, ती पानं मी परत परत वाचली. पण तो तिच्यावर पाळत ठेवतो तिथं अंगावर काटा आला. शाळेत आणि घरात सगळ्यांना मीच सांगत असते, आणि वाचताना मात्र कुणीतरी मला सांगावं असं वाटतं. हे विकृत आहे का? याच तऱ्हेचं पण चांगलं लिहिलेलं काही आहे का? आणि मालकांना सांगू का?
– एक शिक्षिका, कोल्हापूर

उत्तर : बाई, विकृत वगैरे काही नाही, हे आधी सांगून टाकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीची अकरावी आवृत्ती जानेवारी २०२२ पासून लागू झाली. दोन सज्ञान माणसं एकमेकांच्या मर्जीनं हुकमाचा, वेदनेचा खेळ खेळत असतील तर तो जुन्या यादीत आजार होता, नव्या यादीतून काढलाय. तुम्ही तर अजून फक्त वाचताय, आणि वाचायला आवडतं ते करायलाच हवं असतं असंही नाही. रहस्यकथा वाचणाऱ्याला कुणी खुनी म्हणत नाही.

दिवसभर वर्ग, सासूबाईंची औषधं, मुलांच्या फिया, उद्याची भाजी, हे सगळं जिच्या डोक्यावर आहे तिला तासभर दुसऱ्यानं ठरवावं असं वाटलं तर मला त्यात नवल वाटत नाही. राजारामपुरीत वाचनालय चालवत होते तेव्हा हे मी पाहिलंय. असली पुस्तकं नेणाऱ्या बायका घाबरट नसायच्या, घर ओढणाऱ्या असायच्या. परत करताना दोन दिवाळी अंकांच्या मध्ये घालून द्यायच्या. मी काही न बोलता नोंद करायची आणि पुढचं पुस्तक तसंच बांधून द्यायची.

तुम्हाला जे आवडलं आणि ज्याची भीती वाटली ते दोन्ही एकाच पुस्तकात आहे, म्हणून तुमचा घोळ झालाय. नायक नायिकेपुढं, ॲनापुढं, काय चालेल नि काय नाही याचा करारनामा ठेवतो ती पानं आठवा. ॲना तो कागद वाचते, प्रश्न विचारते, हे चालेल आणि हे अजिबात चालणार नाही म्हणून सांगते. तिथं हुकूम आहे, पण तिनं आखून दिलेल्या हद्दीत. आता त्या कागदाच्या बाहेर तो काय करतो बघा. तिच्या मोबाइलवरून ठावठिकाणा काढून बारमध्ये हजर होतो, तिची जुनी गाडी तिला न विचारता विकायला लावतो. याला तिनं कधी होकार दिला होता? लेखिकेनं ते प्रेम म्हणून रंगवलंय. मला ती दांडगाई वाटते, आणि नायक देखणा नि गडगंज आहे म्हणून ती खपून जाते. तुमच्या अंगावर काटा आला तो बरोबर जागी आला.

अशा प्रत्येक पुस्तकाला मी एकच गोष्ट विचारते. ज्यानं लगाम दुसऱ्याच्या हाती दिला, त्याला तो परत मागता येतो का? येत असेल तर पुस्तक कितीही धीट असो, मी पुढं वाचते. येत नसेल, तर ते लेखकाला ठाऊक आहे की नाही हे बघते. आणि पात्र वयानं लहान असेल तर पुस्तक तिथंच मिटते, त्याला अपवाद नाही.

तुम्ही सुरुवात ‘एक्झिट टू ईडन’नं करा. ॲन राइस यांनी १९८५ मध्ये ॲन रॅम्पलिंग या टोपणनावानं लिहिलेली ही कादंबरी. एका बेटावर क्लब आहे. तिथं हुकूम चालवणारी लिसा, आणि दोन वर्षांचा करार करून आपल्या पायांनी तिथं आलेला एलियट हा फोटोपत्रकार. गोष्ट आलटूनपालटून दोघांच्या तोंडून येते, म्हणून हुकूम देणारीच्या मनात काय चाललंय तेही कळतं. बहुतेक पुस्तकांत हुकूम देणारा नुसता पुतळा असतो. पुढं दोघं बेट सोडून न्यू ऑर्लिन्सला पळतात आणि सरळ प्रेमकथा सुरू होते. काहींना तो भाग ढिला वाटतो. मला तोच जवळचा वाटतो, कारण तिथं नियम नसतात आणि दोघांनाही एकमेकांशी कसं वागायचं हे नव्यानं शिकावं लागतं. १९९४ चा सिनेमा मात्र बघू नका, त्यांनी या गोष्टीची विनोदी चोरपोलिसी केली.

त्यानंतर ‘व्हीनस इन फर्स’. १८७० ची जर्मन कादंबरी, इंग्रजीत सहज मिळते, पानंही थोडी. ॲनाच्या विकलेल्या गाडीचं नाव ‘वांडा’ होतं ना, त्याच नावाची बाई इथं नायिका आहे. सेव्हेरिन नावाचा तरुण वांडाला विनवतो, मला तुझा गुलाम कर. फ्लॉरेन्सच्या प्रवासात ती आगगाडीच्या पहिल्या वर्गात, आणि तो ‘ग्रेगोर’ नावाचा नोकर होऊन तिसऱ्या वर्गात. लेखक झाखर-माझोख यानं हे नुसतं कल्पनेनं लिहिलं नव्हतं. १८६९ च्या डिसेंबरात त्यानं फॅनी पिस्टर या लेखिकेशी सहा महिन्यांचा असाच लेखी करार केला होता. वाचताना एवढं बघा की वांडा आधी नको म्हणते. सेव्हेरिन मागं लागून लागून तिला हुकूम करायला लावतो. चाबूक तिच्या हातात, पण हट्ट त्याचा! शेवट कडू आहे, पण बायकोला न आवडणारा खेळ तिच्या गळ्यात मारू पाहणाऱ्या प्रत्येक पुरुषानं तो वाचावा असं मला मनापासून वाटतं.

मेरी गेट्सकिल यांची ‘सेक्रेटरी’ ही कथा ‘बॅड बिहेव्हिअर’ या १९८८ च्या संग्रहात आहे. वकील टायपिंगमधल्या चुकांसाठी मुलीला शिक्षा करतो, आणि तिला विचारत नाही. तिला त्यात काय वाटतं हे तिला स्वतःलाही धड सांगता येत नाही. २००२ च्या सिनेमानं त्याची प्रेमकथा केली. मूळ कथेत ती ऑफिसला जाणंच सोडते. तुमच्यासारख्या नोकरी करणाऱ्या बाईनं दोन्ही शेवट शेजारी ठेवून बघावेत.

‘स्टोरी ऑफ ओ’ घाई न करता, सगळ्यात शेवटी. १९५४ साली पॅरिसला पोलीन रेआज या नावानं आली आणि वर्षानुवर्षं लोक म्हणत राहिले की हे बाईनं लिहिलेलंच नाही. १९९४ मध्ये, ऐंशी उलटल्यावर, डोमिनिक ओरी यांनी सांगितलं की आपणच ते आपल्या प्रियकरासाठी, झां पोलां यांच्यासाठी लिहिलं. भाषा थंड आणि स्वच्छ आहे. पण ओ एकेक पायरी होकार देत इतकी खाली उतरते की परत यायला ती स्वतःच उरत नाही. मन हळवं असेल त्या दिवसांत हे पुस्तक उघडू नका.

आणि आपलं घरचं विसरू नका. कामसूत्राचं दुसरं अधिकरण, म्हणजे दुसरा भाग, काढा. त्यात नखांच्या आणि दातांच्या खुणांवर प्रकरणं आहेत, आणि एक प्रकरण प्रहारांवर आहे. वात्स्यायन प्रणयाला कलहाचंच एक रूप म्हणतो आणि लगेच धोकाही सांगतो. चोळ राजाच्या एका प्रहारानं चित्रसेना ही गणिका मेली. कुंतल शातकर्णी या सातवाहनाच्या हातून त्याची राणी मलयवती गेली. नरदेवानं एका नटीचा डोळा घालवला. आपल्याच भागात राज्य केलेल्या घराण्यातली राणी अशी गेली, हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक बाजूला ठेवून बसून राहिले होते. त्याच प्रकरणात तो बाईच्या तोंडी येणारे उद्गारही देतो : आईला मारलेली हाक, नको, सोड, पुरे. हे सगळे खेळातच धरलेत. इथंच घोटाळा होतो. ‘पुरे’ हा खेळातलाच शब्द झाला तर खरोखर पुरे झालंय ते सांगायचं कसं? आजच्या चांगल्या कथांमध्ये म्हणूनच सेफवर्ड असतो, आधी ठरवलेला, खेळाशी संबंध नसलेला एखादा शब्द. तो उच्चारला की सगळं तिथल्या तिथं थांबतं. आणि थांबल्यावर पाणी देणं, पांघरूण घालणं, जवळ घेऊन बसणं हेही कथेत असावं. तेवढं एक पान ज्या लेखकाला लिहावंसं वाटतं त्याच्यावर मी विश्वास टाकते.

मालकांना सांगायचं का? सांगा, पण ‘मला हे करायचंय’ असं म्हणून सुरुवात करू नका. एक प्रकरण वाचायला द्या, किंवा रंकाळ्याला चालताना त्यातली गोष्ट सांगा. भिंतीपलीकडे सासूबाई असताना खोलीत कुजबुजत हे बोलणं होत नाही, माणूस अवघडतो. त्यांना आवडलं नाही तर पुस्तक तुमचंच राहील, एकट्यानं वाचायला. आवडलं, तर दोघांनी आपापली ‘अजिबात नको’ची यादी आधी करा. गळ्याशी खेळ दोघांच्याही त्या ‘अजिबात नको’च्या यादीत हवाच. कादंबरीतला श्वास गुदमरत नाही, आपला गुदमरतो.

ई-पुस्तक घेणार असाल तर मुलांच्या टॅबवर चालू असलेल्या खात्यावरून घेऊ नका, कव्हर त्यांच्या पडद्यावर दिसतं. वेगळं खातं काढा.

प्रश्न : वय २४. असलं काही मराठीत फुकट पीडीएफ असेल तर पाठवा, ग्रुपवर टाकतो.
– इचलकरंजी

उत्तर : पाठवणार नाही. सज्ञान माणसानं घरात बसून वाचणं गुन्हा नाही, पण अश्लील ठरेल असा मजकूर मोबाइलवरून पुढं पाठवणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ मध्ये येतं, पहिल्याच वेळी तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. शिवाय लेखकाची कमाई बुडते ती वेगळीच. ग्रुपवर अठराच्या आतलं कुणी आहे का, हे तुम्हाला तरी माहीत आहे का?

मराठीत असं लिहिणाऱ्यांनी सोसलंय. ‘समाजस्वास्थ्य’ या आपल्या मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना सरळ उत्तरं दिली म्हणून र. धों. कर्वे यांच्यावर १९३४ मध्ये खटला चालला, आणि त्यांची बाजू मांडायला डॉ. आंबेडकर उभे राहिले. ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकातल्या ‘शामा’ या कथेवरून चंद्रकांत काकोडकर यांना सुप्रीम कोर्टापर्यंत जावं लागलं. १९६९ मध्ये कोर्टानं ती कथा अश्लील नाही म्हणून त्यांना सोडलं. आज हुकूम आणि होकार दोन्ही नीट सांभाळणारी मराठी कथा मला हवी आहे. तुम्ही चोविशीचे आहात, लिहून बघा. पात्रं सज्ञान ठेवा, नायिकेला नाही म्हणायला जागा ठेवा, आणि टाइप करून माझ्याकडे पाठवा. मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचेन.